वरचं सारं खाली

रिकाम्या घराचा फोटो काढताना कुणाशी बोलावं लागत नाही. मी फोटो काढायला लागले त्याचं कारण एवढंच. पुढे लोकांनी त्याला वारशाची आवड, दृष्टी, असली नावं दिली. खरं कारण लाजाळूपणा. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मराठी बोलताना मला शब्द चाचपावे लागत, आणि इंग्रजीत बोललं की घरातले "आली मॅडम" म्हणून हसत. म्हणून मी फारसं बोलतच नसे. परदेशातल्या मामाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, घरच्या लग्नामुंजींची सोय झाली. लग्नात मी फिल्म संपली म्हणून सांगे.

नागपुरात त्या काळी रिकाम्या घरांना तोटा नव्हता. राजधानी मुंबईला गेली. तिच्या मागे मोठे साहेब गेले, आणि साहेबांवाचून ज्यांचं चालत नव्हतं ते त्यांच्या मागे गेले. माझे वडील कारकून होते, ते राहिले. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या फाटकांवर नावाच्या पाट्या तशाच राहिल्या होत्या. छताला पंख्याचे हूक, भिंतीवर तसबिरींच्या जागी उजळ चौकोन, पन्हळीत उगवलेला पिंपळ. रविवारी सकाळी मी सायकल काढायची आणि अशा एखाद्या घरापाशी जाऊन उभी राहायची. एका फिल्मवर बारा फोटो येत. फिल्म महाग, त्यामुळे मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी बराच वेळ नुसती बघत असे.

बघून बघून एक गोष्ट कळली. घर आपोआप पडत नाही. आधी माणसं जातात, मग कुलूप लागतं, मग कुणीतरी खिडक्यांच्या झडपा नेतं, मग दारं, मग चौकटी. चौकटी गेल्या की भिंत तडकते. एका पावसात छपरावरचे कवेलू घसरतात. दोन वर्षांनी जाणारे-येणारे म्हणतात, "पडलं बिचारं." पडलं म्हणतात. पाडलं असं कुणी म्हणत नाही. चौकट कुणी नेली हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ती इतवारीत कुठल्या दुकानात उभी आहे हेही माहीत असतं, तरी म्हणायचं काय, तर पडलं. या एका अक्षराचा मला राग येतो. तेव्हाही यायचा, पण तेव्हा तो कुणाला सांगावा हे कळत नव्हतं.

मी सांगते आहे ते घर धंतोलीत होतं. आज तिथे दवाखाना आहे, वर गावोगावचे पेशंट आणि खाली गाड्या. तेव्हा तो दुमजली बंगला होता. मालक सरकारी नोकरीबरोबर मुंबईला गेले आणि तिकडेच राहिले. आमच्या घरापासून सायकलवर थोड्याच अंतरावर तो होता, आणि आमच्या गल्लीत त्याचं नाव "रिकामा बंगला" असंच होतं. तिखट संपलं की काकू म्हणायची, "रिकाम्या बंगल्यात निरोप पाठवा." या वाक्यात काही चुकतं आहे हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा फाटक अर्धं उघडं होतं. वरच्या मजल्याच्या झडपा मोडलेल्या, गॅलरीचा कठडा एका बाजूने लोंबकळत होता. मी आत शिरले आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. पडवीभर मिरच्या पसरल्या होत्या, भिवापुरी, लालभडक. पलीकडून आवाज आला.

"काहून वं पोरी, कोणाच्या घरची तू?"

चाळिशीपुढची बाई होती. नाकातोंडाला फडकं बांधून मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी गल्लीचं नाव सांगितलं.

"तिखट पायजे?"

"नाही. फोटो."

"कोणाचा? माहा?"

"घराचा."

"घर काय लग्नाचं हाय का, त्याचा फोटू पाठवाले?" तिने फडकं खाली ओढलं. हसत होती. "जा, काढ. मिरच्यावर पाय नको देऊ. आन् वर जाशीन तं जिना सांभाळून. वरचं सारं खाली हाय."

मी दचकून वर पाहिलं. मला वाटलं, वरचं सगळं खाली आलं आहे, छत कोसळलं आहे. "कधी पडलं?" मी विचारलं.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "पडलं नाई वं. खाली हाय, खाली. रिकामं. आन् आमी खाली राह्यतो, म्हंजे हे इथं, खाली. तुमच्या शाळेत शिकवत नाई का?"

नागपुरात राहून मला खाली म्हणजे रिकामं हे ठाऊक नव्हतं असं नाही. रिक्षा खाली आहे का, हे आम्ही रोज विचारायचो. पण तिच्या तोंडी दोन्ही खाली इतक्या सहज शेजारी बसले होते की माझा गोंधळ झाला. नंतर ती मला पाहिलं की ओरडायची, "आली का वं, खालीवाली?"

मी तिला मावशी म्हणू लागले. मालकीणबाई इथे होत्या तेव्हा ती मिरच्या कांडायला यायची. जाताना त्यांनीच तिला खालच्या खोल्या उघडून दिल्या आणि सांगितलं, राहा, घरात दिवा लागला पाहिजे. तेव्हापासून ती तिथे होती. नवरा कापडगिरणीत पाळीवर. दोघांनी खालच्या भिंतींना दर दिवाळीआधी चुना दिला, न्हाणीचं तुंबलेलं काढलं, विहिरीवर नवा रहाट बसवला. मोठ्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. तिच्या माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी छप्पन साली एकाच दिवशी धम्म घेतला होता. ते ती अशा आवाजात सांगायची की जणू दोन्ही घरांची सोयरीक खरी त्याच दिवशी जुळली.

पुष्कळ रविवार गेले. ती फोटोसाठी कधी उभी राहिली नाही. "काम सोडून तुयासाठी उभी राहू का?" म्हणायची. म्हणून माझ्या सगळ्या फोटोंत ती वाकलेली आहे, मिरच्या परतताना, पाणी ओढताना, बहुतेक पाठमोरी. त्यातला एक फोटो मला फार आवडायचा. फाटकाजवळून घेतलेला, अख्खं घर दिसणारा. वर मोडक्या झडपा, खाली पडवी, तिच्या छपरावरही वाळत टाकलेल्या मिरच्या, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं आणि गिरणीतला सदरा, आणि पडवीच्या टोकाला ती. लाल मिरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल दिसत नाहीत. काळपट येतात, सांडलेल्या कोळशासारख्या.

एकदा घरी बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की मी तिच्याकडे चहा घेतला. काकूने पोळी लाटायचं थांबवलं.

"तिखटाचं ठीक आहे. ते कोरडं असतं," ती म्हणाली. "चहा कशाला?"

"कोरडं म्हणजे?"

"कोरडं चालतं. ओलं नाही. एवढंही माहीत नाही का तुला? उगाच नाही म्हणत, इंग्रजी शाळेत काही शिकवत नाहीत."

आई पोळपाटाकडे बघत राहिली. मी उठून मागच्या खोलीत गेले. वर्षभर आमच्या आमटीत, भाजीत, लोणच्यात तिच्या हातचं तिखट होतं. पाण्यात पडलं की ते ओलंच होतं. हे मला त्या क्षणी सुचलं, आणि मी म्हटलं नाही. असली वाक्यं मला नेहमी वेळेवर सुचतात, तोंडाशी येऊन थांबतात.

त्याच सुमाराला वडिलांचे जुने साहेब आमच्याकडे आले. सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आता एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. राजधानीच्या दिवसांतल्या वास्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरत होतं. वडिलांनी माझे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. साहेबांनी एकेक बघितला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "मुलीला नजर आहे." वडिलांचा चेहरा असा झाला होता की मी नाही म्हणूच शकत नव्हते. साहेबांनी निगेटिव्ह नेल्या. मोठे फोटो मंडळ आपल्या स्टुडिओतून करून घेणार होतं.

प्रदर्शन सीताबर्डीवरच्या एका हॉलमध्ये होतं. माझा फोटो मधल्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा. आणि तो माझा नव्हता. खालचं घर गेलं होतं. पडवी नाही, दोरी नाही, मावशी नाही. होता तो फक्त वरचा मजला, मोडक्या झडपा, लोंबकळता कठडा, आणि तळाशी पडवीच्या छपरावरच्या मिरच्यांची एक काळी पट्टी उरली होती. खाली लिहिलं होतं, "निर्मनुष्य." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आग लागलेली दिसते हो इथे."

स्टुडिओवाला तिथेच होता. मी त्याला विचारलं. त्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"साहेब बोलले, खालचा कचरा काढून टाक," तो म्हणाला. "कपडे वाळून राहिले होते, बाई होती एक वाकलेली. पिक्चर साफ नाही वाटत ना. आता बघा, कसं साफ आहे."

मी साहेबांकडे गेले. ते कुणाशी तरी बोलत होते, मी थांबले. मग म्हटलं, "तिथे लोक राहतात."

"कुठे, बेटा?"

"त्या घरात. खाली."

"हां, ते." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आहेत कुणीतरी. पण त्याला राहणं म्हणत नाहीत. असणं वेगळं, राहणं वेगळं."

ते फार प्रेमळपणे बोलले. मला तो हात झटकायचा होता. बाजूला काळा कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते, ते हसले. ते त्या बंगल्याच्या मालकाचे पुतणे, इथेच वकिली करत. जाताना त्यांनी साहेबांजवळ त्या फोटोची एक प्रत मागितली. साहेबांना आनंद झाला. नव्या पिढीला जुन्या वास्तूंचं काही वाटतं म्हणाले.

प्रत कशाला हवी होती ते पावसाळ्याआधी कळलं. मावशी आमच्या मागच्या दाराशी आली. एरवी ती निरोप आल्यावर तिखट पाठवायची, स्वतः कधी येत नसे. हातात एक कागद होता.

"वाच," ती म्हणाली.

"तुम्हाला येतं ना वाचता?"

"येते. चौथी शिकली हाओ मी. तरी तू वाच. मीच चुकीचं वाचून राहिली का, ते पाह्यते."

तो कागद म्हणजे एका कचेरीतून आलेल्या पंचनाम्याची नक्कल होती. कुठल्या कचेरीतून ते लिहीत नाही. लिहिलं तर वाटेल की दोष त्या एका कचेरीचा होता. पुतण्याने अर्ज केला होता की इमारत ओस पडली आहे, धोकादायक आहे, पाडायची परवानगी द्यावी. सोबत प्रदर्शनातला तो फोटो. त्यावरून एक माणूस तपासणीला येऊन गेला होता. त्याने आधी तळमजल्याच्या खोल्या, पडवी, न्हाणी असं लिहिलं होतं. मग वरच्या मजल्याच्या खोल्या आणि गॅलरी. आणि पुढे, "वरील सर्व खाली आहे, असे तेथे हजर असलेल्या बाईने सांगितले." शेवटी तिची सही.

"तुम्ही सही केलीत?"

"त्यानं वाचून दाखवलं नं. वरील सर्व खाली हाय. मी म्हटलं, हो बापा, वरचं सारं खाली हाय. आमी खाली हाओ. तो म्हणे, इथं सही. मी केली. लहान पोरासारखा गोड बोलून राहिला होता. पाणी बी पेला." तिने कागदावर बोट ठेवलं. "पाणी पेला माह्या हातचं, आन् मी नाई म्हून लिवून गेला."

मला हसू आलं नाही. ते वाक्य कुणालाही दाखवलं असतं तर हसू आलं असतं. कागदावर वरील म्हणजे वर लिहिलेलं. तिच्या तोंडी वरचं म्हणजे वरच्या मजल्यावरचं. एकाच वाक्यावर दोघांनी मान डोलावली होती, आणि तिच्या दोन खोल्या, चूल, रहाट, तसबीर, सगळं तिच्याच सहीने नाहीसं झालं होतं. हजर असलेली बाई सांगते की इथे कुणी हजर नाही. तिला समोर बघत त्या माणसाने हे लिहिलं होतं.

"चुकून झालं असेल," वडील म्हणाले. ते दारात उभे राहून ऐकत होते.

"चूक तं चूक," मावशी म्हणाली. "खोडा मंग. सुनावणी हाय परवाले. तुयाजवळ तो फोटू हाय नं, पोरी? माह्या कपड्यावाला?"

साहेबांनी निगेटिव्ह परत दिल्या होत्या, आणि फिल्म धुतल्यावर काढलेली छोटी प्रत माझ्याकडे होतीच. मी हो म्हटलं. ती गेल्यावर वडील म्हणाले, "साहेबांच्या विरोधात जाईल ते." मी म्हटलं, "साहेबांचं घर आहे का ते?" काकू म्हणाली, पोरीच्या जातीने कचेरीत जाऊन उभं राहायचं म्हणजे शोभा. सुनावणीच्या दिवशी मी सायकल काढली.

कचेरीत अधिकारी, एक कारकून, पुतणे, आणि मावशी. तिचा नवरा पाळी टाकून आला होता, तो दाराशी उभा होता. मावशीनेच सुरुवात केली.

"साहेब, तुमचा मानूस आला, त्यानं वाचून दाखवलं वरील सर्व खाली. मले वाटलं, वरचं इचारून राहिला. वरचं हायच खाली. आमी खाली राह्यतो."

अधिकाऱ्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तो हसला. कारकूनही हसला. कारकुनाने शेजारच्या टेबलाकडे वळून ते वाक्य परत सांगितलं आणि तिकडेही हसले. "वरचं खाली, आणि हे खाली ते खाली," असं कुणी तरी म्हणालं. ती सगळी आमच्याच गावची माणसं होती. एकालाही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांना एका क्षणात कळलं की बाई खरं बोलते आहे आणि कागद चुकला आहे. आणि ते कळूनही कुणी पेन उचललं नाही. अजून आठवलं की मला त्या खोलीचा राग येतो, तो याच गोष्टीसाठी. त्यांना कळलं नसतं तर मी समजावलं असतं.

"सही तुमचीच ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सही माहीच हाय. लिवलेलं तुमचं हाय."

"बाई, सही केली म्हणजे मान्य झालं."

तेव्हा मी बोलले. मराठीत वाक्य जुळवत बसले असते तर त्या दिवशीही ते तोंडाशीच राहिलं असतं. म्हणून मी इंग्रजीत बोलले. शाळेत वक्तृत्वाला पाठ करून म्हणायचो तसं, सरळ, एका दमात. एक ‘खाली’ वरच्या मजल्याविषयी आहे, दुसरा खालच्या. एकाचा अर्थ रिकामं, दुसऱ्याचा तळमजल्यावर. ही बाई तिथे कितीतरी वर्षं राहते, आणि हा फोटो मी काढलेला आहे.

कारकून उठला आणि त्याने मला खुर्ची आणून दिली. मावशी उभीच होती, मी येण्याआधीपासून.

अधिकाऱ्याने ती छोटी प्रत डोळ्यांजवळ धरली. "ही पाठमोरी बाई?"

"याच."

पुतणे पुढे आले. आतापर्यंत घरात कुणी नाही असं म्हणणारे ते गृहस्थ इतक्या सहज वळले की मी बघत राहिले. "असेल की," ते म्हणाले. "काकांनी राखणीला ठेवलेली बाई आहे. घराला माणूस नको का? मोलकरीण आहे म्हणून घर वसतं आहे असं होत नाही."

"राखणीले?" मावशी म्हणाली. "मालकीणबाईनं राहा म्हटलं होतं मले."

"तेच तर. ठेवलं होतं."

आणि आता अधिकाऱ्याने पेन उचललं. एका शब्दावर काट मारली, दुसरा लिहिला. रिकाम्या घराला आता राखणदार बाई होती, आणि राखणदाराने मालक म्हणतील तेव्हा जागा सोडावी. माझा फोटो त्यांनी फाइलला लावून घेतला. पुरावा म्हणून. सकाळपर्यंत ती कागदावर नव्हती. मी तिला कागदावर आणलं, ते त्यांची नोकर म्हणून.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, "तुले खुर्ची लवकर देली वं त्यायनं."

मी सायकलची किल्ली काढली.

"बरं झालं. नाई तं गोळे आले असते तुह्या पायात," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळून, "चाल गा, पाळी तं गेली, निदान मिरच्या तरी उचलू."

पावसाळा संपल्यावर मावशीला जागा सोडावी लागली आणि घर पाडलं. मी तिथे होते, पूर्ण फिल्म घेऊन. या वेळी मी बघत बसले नाही, एकामागून एक काढत गेले. कवेलू उतरवले, सागवानी चौकटी काढल्या, त्या हातगाडीवर चढल्या. इतवारीच्या वाटेने. जिना फोडून जळणाला गेला. विटा गोणपाटात भरून दुसऱ्या कुणाच्या घराच्या पायात. रहाट कुणीतरी आधीच नेला होता. मावशीने स्वतःच्या खोल्यांना त्या दिवाळीचा चुना आधीच दिलेला होता, त्यामुळे भिंत पडली तेव्हा पांढरी धूळ उडाली, आणि वरच्या मजल्याची पडली तेव्हा काळी. साहेब उन्हाची छत्री घेऊन बघायला आले होते. "अरेरे," म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. त्यांचं वाईट वाटणं मला कुणी लाथ मारावी तसं लागलं.

महिन्याभराने ते आमच्याकडे आले. मंडळ स्मरणिका काढणार होतं, गेलेल्या वास्तूंची. त्यांना आता पूर्ण फोटो हवा होता, अख्खं घर दिसणारा.

"आता बाई राहू दे त्यात," ते म्हणाले. "त्याने जिवंतपणा येतो."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "फोटोखाली तिथे कोण राहत होतं ते लिहाल?"

"लिहू की. मालकांचं पूर्ण नाव देऊ. त्यांचे वडील मोठे वकील होते, तेही देऊ."

"ते राहत नव्हते. तिकडे मुंबईला होते."

"बेटा, घर त्यांचंच ना?"

"मग निगेटिव्ह नाही मिळणार."

"अगं, साहेब मागताहेत," वडील म्हणाले.

"ऐकलं मी," मी म्हटलं. मराठीत. शब्द शोधावा लागला नाही. "नाही देणार. खालचा कचरा आहे तो, मी तुम्हाला कसा देऊ?"

साहेबांनी चहाचा कप अर्धा ठेवला. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत, आणि वडील माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलले. मला त्याचं फार वाटलं नाही. इतकं न वाटणं मला माझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

मी दुसऱ्या एका स्टुडिओत जाऊन पूर्ण फोटो मोठा करून घेतला, समोर उभी राहून, एक कडही कापू न देता. तो घेऊन मावशीला शोधत गेले. ती रेल्वे लाइनीच्या पार पलीकडे, नव्या वस्तीत एका पत्र्याच्या खोलीत होती. मिरच्या रस्त्याच्या कडेला पसरल्या होत्या, सायकली गेल्या की धूळ बसत होती. धंतोलीतली घरं आता तिखट बाजारातून आणत होती. आमचंही.

तिने हात पुसले आणि फोटो घेतला. बराच वेळ बघितला.

"माही पाठ हाय हे."

"हो."

"तोंड नाई."

"तुम्ही कधी वळलाच नाहीत, मावशी."

"वळली असती तं काय, लिवलं असतं त्यायनं घर माहं म्हून?" तिने तो माझ्या हातात परत दिला. "मले काय करायचं हे? मले जागा पायजे होती वं पोरी. फोटू नाई."

मी तिथेच उभी राहिले. नवरा आतून बाहेर आला, त्याने माझ्या हातातून फोटो घेतला आणि उजेडाकडे धरला. दोरीवरचा सदरा त्याचा होता. "हे कोर्टात लागंल," तो तिला म्हणाला. गिरणीतल्या युनियनच्या वकिलाने त्यांचा दावा लावून दिला होता. आम्ही राखणदार नाही, राहणारे आहोत, नव्या इमारतीत आम्हाला खोली द्या, असा. वकील म्हणाला होता, कठीण आहे.

मावशीने सुपातल्या मिरच्या पाखडल्या. दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारले तारीख हाय. ठेव तो फोटू तुयाचजवळ, इथं धूळ बसते. घेऊन ये तिथं."

"येते."

"आन् इंग्रजीतच बोलजो," ती म्हणाली. "मराठी समजत नाई त्यायले."